‘स्वाक्षरीयुक्त’ म्हणताना सही कोणाची, तेही सांगावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

जुन्या, नावाजलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या स्वाक्षरीयुक्त मर्यादित आवृत्त्या जमवण्याचा छंद आता पुष्कळांना लागला आहे आणि पुस्तकविषयक सदरांतही अशा आवृत्त्यांच्या बातम्या वरचेवर येतात. या बातम्यांत बांधणीचे चामडे, सोनेरी कडा, पुस्तकाची पेटी यांचे वर्णन भरपूर असते. परंतु ज्या एका शब्दामुळे ती प्रत इतरांहून वेगळी ठरते, त्या ‘स्वाक्षरीयुक्त’ या शब्दाशेजारी सही कोणाची, ती कशावर केली आणि अशा प्रती एकूण किती, हे बहुधा दिलेले नसते. ही पुस्तके अनेक वर्षे जमवणारी आणि वाचणारी म्हणून त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

हा प्रश्न अभिजात फँटसीच्या बाबतीत अधिक टोचतो, कारण ज्यांच्या कादंबऱ्या पुन्हापुन्हा नव्या थाटात निघतात ते लेखक बहुतेक हयात नाहीत. ॲलिसची कथा लिहिणारे लुईस कॅरल १८९८ मध्ये गेले, ‘नार्निया’चे लेखक सी. एस. लुईस १९६३ मध्ये, ‘द हॉबिट’चे लेखक जे. आर. आर. टोल्किन १९७३ मध्ये आणि ‘अर्थसी’च्या लेखिका अर्सुला ले ग्विन २०१८ च्या जानेवारीत. त्यांच्या कादंबरीची आज निघालेली आवृत्ती स्वाक्षरीयुक्त असेल, तर ती सही चित्रकाराची, प्रस्तावनाकाराची, संपादकाची किंवा वारसाची असणार. यात गैर काहीच नाही. गैर हे की जाहिरातीत लेखकाचे नाव ठळक असते, त्याखाली ‘स्वाक्षरीयुक्त’ हा शब्द असतो, आणि दोहोंचा संबंध ग्राहकाने आपल्या मनाने लावून घ्यावा अशी सोय केलेली असते.

माझा अनुभव सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विक्रेत्याच्या यादीत, मला लहानपणापासून प्रिय असलेल्या एका कादंबरीची ‘मर्यादित, लेखकाच्या स्वाक्षरीसह’ अशी प्रत दिसली आणि मी ती टपालाने मागवली. प्रत देखणी होती आणि सहीही होती. दोन दिवस मी ते पान उघडून नुसती पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी त्याच पानाच्या मागे छापलेले प्रकाशनवर्ष वाचले, तेव्हा लक्षात आले की त्याच्या नऊ वर्षे आधीच लेखक वारले होते. भिंगातून पाहिल्यावर सहीच्या रेषा बारीक ठिपक्यांच्या बनलेल्या दिसल्या. मूळ सहीचे छायाचित्र घेऊन ती छापलेली होती. सही हाताची आहे असे प्रकाशकाने पुस्तकात कोठेही म्हटले नव्हते, ते म्हटले होते विक्रेत्याने. माझ्या तक्रारीवर त्याचे उत्तर आले की यादीत सही आहे असे लिहिले होते आणि पुस्तकात सही आहे. ती प्रत मी अजून ठेवली आहे, पण त्या पानाकडे पूर्वीच्या आनंदाने पाहणे मला पुन्हा कधी जमले नाही.

त्यानंतर मी सही पाहायला शिकले. हाताने केलेल्या सहीत शाईचा भार सर्वत्र सारखा नसतो. वळणावर ती दाट होते, झटक्याने ओढलेल्या शेवटी विरळ होते, आणि जेथे एक रेषा दुसरीवरून जाते तेथे शाई शाईवर चढलेली दिसते. छापील सही कागदावर सपाट बसते. यंत्रचलित लेखणीने, म्हणजे मूळ सही जशीच्या तशी गिरवणाऱ्या यंत्राने, केलेली सही ओळखणे याहून कठीण, कारण तीत खरी शाई आणि खरी लेखणी असते. परंतु तिचा दाब आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखा असतो, आणि अशा दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या तंतोतंत जुळतात, जे कोणाही माणसाच्या दोन सह्यांचे होत नाही. ही भीती काल्पनिक नव्हे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गायक-गीतकार बॉब डिलन यांच्या एका पुस्तकाच्या ९०० प्रती ‘हाताने सही केलेल्या’ म्हणून विकल्या गेल्या आणि त्या सह्या यंत्राच्या निघाल्या. एकच प्रत घेतलेल्या माणसाला कदाचित संशय आलाही नसता. अनेक ग्राहकांनी आपापल्या सह्यांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली तेव्हा प्रकार उघड झाला. पैसे परत करावे लागले आणि डिलन यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. ते पुस्तक फँटसीचे नव्हते, पण जो हयात आहे अशा माणसाच्या सहीबाबत हे होऊ शकते, तर शंभर वर्षे जुन्या सहीबाबत किती काळजी घ्यावी लागेल, याचा विचार व्हावा.

लेखकाची नसलेली सही मी कमी मोलाची मानते, असा समज कृपया होऊ नये. या परंपरेतील काही अतिशय सुंदर पुस्तकांवर लेखकाची सही नाहीच. जे. एम. बॅरी यांच्या पीटर पॅनच्या कथेची आर्थर रॅकहॅम यांच्या चित्रांसह १९०६ मध्ये जी आवृत्ती निघाली, तिच्या चर्मपत्राच्या बांधणीतील ५०० विशेष प्रतींवर सही आहे ती रॅकहॅम यांची. त्या चित्रांतील वाकड्यातिकड्या मुळांची झाडे आणि पानांआडून डोकावणाऱ्या पऱ्या पाहिल्यावर, ही सही येथे असण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न कोणाला पडणार नाही. लॉर्ड डनसनी यांच्या ‘द किंग ऑफ एल्फलँड्स डॉटर’ या १९२४ च्या कादंबरीच्या २५० प्रतींवर लेखक आणि चित्रकार सिडनी साइम अशा दोघांच्या सह्या एकाच पानावर आहेत. त्याहून मागे गेले तर विल्यम मॉरिस यांनी आपल्या केल्मस्कॉट प्रेसमध्ये १८९६ साली स्वतःची ‘द वेल ॲट द वर्ल्ड्स एंड’ ही प्रदीर्घ अद्भुत कादंबरी छापली. कागदावर ३५० आणि चर्मपत्रावर अवघ्या ८ प्रती. अक्षरांचे साचे त्यांच्या आरेखनाचे, चित्रे त्यांचे मित्र एडवर्ड बर्न-जोन्स यांची. लेखक, मुद्रक आणि अक्षररचनाकार एकच असल्यामुळे तेथे प्रत्येक पान हीच त्यांची सही आहे, असे मला वाटते.

परंतु सही कोणाची, या प्रश्नाचे सर्वांत हृद्य उत्तर मला १९३२ च्या एका आवृत्तीत सापडते. जॉर्ज मेसी यांनी १९२९ मध्ये अमेरिकेत लिमिटेड एडिशन्स क्लब काढला. या क्लबची पुस्तके त्या काळी साधारणपणे १,५०० प्रतींची असत आणि त्यांवर लेखकाची, चित्रकाराची किंवा पुस्तकाची मांडणी करणाऱ्याची सही असे. कॅरल यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी क्लबने ॲलिसची कथा काढली तेव्हा लेखकाला जाऊन ३४ वर्षे झाली होती. त्या आवृत्तीवर मांडणीकार फ्रेडरिक वॉर्ड यांची सही होतीच, पण तिच्या पुष्कळ प्रतींवर आणखी एक सही आहे, ॲलिस हारग्रीव्ह्ज यांची. १८६२ च्या ४ जुलैला नावेतून जाताना ज्या दहा वर्षांच्या मुलीला ही गोष्ट प्रथम ऐकवली गेली, तीच ही वृद्धा. वयाची ऐंशी गाठलेल्या त्या बाईंनी एकामागून एक शेकडो प्रतींवर आपले नाव लिहिले. आता येथे ‘स्वाक्षरीयुक्त’ एवढेच लिहून भागेल काय? एक तर ॲलिसची सही सगळ्या प्रतींवर नाही, त्यामुळे केवळ मांडणीकाराची सही असलेली प्रतही त्याच शब्दाने विकता येते. आणि दुसरे, ही सही कोणाची हे न सांगितल्यास त्या पानावर काय घडले आहे, हेच वाचकाला कळत नाही.

याच क्लबने १९४० मध्ये केनेथ ग्रॅहॅम यांची ‘द विंड इन द विलोज’ रॅकहॅम यांच्या चित्रांसह काढली. रॅकहॅम त्या वेळी अतिशय आजारी होते. उंदीर आणि चिचुंदर सहलीसाठी होडी भरत आहेत अशा चित्रात होडीला वल्हीच काढायची राहिली, हे ध्यानात आल्यावर त्यांनी आग्रहाने ते चित्र पुन्हा हाती घेऊन वल्ही काढली, अशी हकीकत सांगितली जाते. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये ते गेले. लेखक ग्रॅहॅम तर १९३२ मध्येच गेले होते. म्हणून त्या २,०२० प्रतींवर सही आहे ती पुस्तकाची मांडणी करणारे ब्रूस रॉजर्स यांची. ज्यांची सही हवी होती ते दोघेही नव्हते, तेव्हा प्रकाशकाने त्यांच्या जुन्या सह्या छापून जागा भरली नाही. जो हयात होता आणि ज्याने पुस्तक घडवले, त्याची सही घेतली.

आता कागदाविषयी. सहीचे पान सुटे असून कडेला गोंद लावून चिकटवलेले दिसले की काही नवे संग्राहक घाबरतात, ते अनावश्यक आहे. सुटी पाने आधी छापायची, त्यांचा गठ्ठा लेखकाकडे किंवा चित्रकाराकडे पाठवायचा, खराब होतील म्हणून काही जास्त द्यायची आणि सह्या होऊन आल्यावर बांधणीत ती जोडायची, ही या धंद्यातील नेहमीची पद्धत आहे. मूळ फर्म्यातच, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या जुडीतच, असलेले सहीचे पान मला अधिक आवडते, पण जोडलेले पान म्हणजे फसवणूक नव्हे. वेगळी गोष्ट आहे ती चिकटचिठ्ठीची. सही केलेली छोटी चिठ्ठी कोणत्याही सर्वसाधारण प्रतीत कोणीही, केव्हाही चिकटवू शकतो, आणि अशी प्रत मर्यादित आवृत्तीची ठरत नाही. या दोहोंना एकाच शब्दाने संबोधणे ग्राहकावर अन्याय करणारे आहे.

संख्येबाबतही असेच. ‘५०० प्रती’ असे वाचल्यावर आपण ५०० च धरतो. प्रत्यक्षात अनेकदा ५०० क्रमांकित प्रती, इंग्रजी वर्णमालेतील एकेक अक्षर दिलेल्या आणखी २६ अधिक भारी बांधणीच्या प्रती, आणि त्यांखेरीज लेखक, चित्रकार व प्रकाशक यांच्यासाठी राखलेल्या, क्रमांक नसलेल्या काही प्रती असतात. स्टीफन किंग यांनी १९८४ मध्ये ‘द आइज ऑफ द ड्रॅगन’ ही आपली फँटसी स्वतःच्या छोट्या प्रकाशनातर्फे काढली तेव्हा १,००० प्रतींना काळ्या शाईत आणि २५० प्रतींना लाल शाईत क्रमांक दिले. काळ्या क्रमांकाच्या प्रती सोडत काढून विकल्या आणि लाल क्रमांकाच्या खाजगी वाटपासाठी ठेवल्या. हे सारे स्पष्ट असल्यामुळे आज ४० वर्षांनंतरही त्या आवृत्तीविषयी कोणाला संभ्रम नाही. अनेक खंडांच्या मालिकेत तर क्रमांकाला आणखी अर्थ असतो, कारण पहिल्या खंडाचा ग्राहक पुढील प्रत्येक खंड त्याच क्रमांकाचा मिळावा म्हणून वर्षानुवर्षे थांबतो.

हाताने लिहिलेला प्रत्येक ठसा अभिमानाने मिरवण्यासाठीच असतो असेही नाही, आणि येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. २१ सप्टेंबर १९३७ रोजी टोल्किन यांचे ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झाले, १,५०० प्रतींत. त्याच्या वेष्टनावरील मजकुरात कॅरल यांचे खरे आडनाव, डॉजसन, एका जादा ‘ई’सह छापले गेले. चूक लक्षात आल्यावर वेष्टनावरचा तो एक ‘ई’ शाईने, हाताने खोडण्यात आला. ज्याने ते काम केले त्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही. पण त्या खुणेची माहिती पुस्तकाच्या प्रत्येक चांगल्या वर्णनात असते, कारण जाणकारांनी ती नेमकी नोंदवून ठेवली आहे. सहीच्या बाबतीत मी मागते ती हीच नेमकी नोंद.

आणखी एक विनंती संग्राहक मित्रांना. प्रकाशकाचे पारदर्शक वेष्टन न फोडता प्रत तशीच ठेवण्याची रीत अलीकडे वाढली आहे. आवळून बसवलेल्या प्लॅस्टिकमुळे कालांतराने पुठ्ठे वाकू शकतात, आणि न उघडलेल्या प्रतीत सही आहे की नाही, कोणाची आहे, पान उलटे तर बांधले गेलेले नाही ना, हे मालकालाच माहीत नसते. प्रत उघडावी, सहीचे पान पाहावे, कणा उन्हात फिका पडणार नाही आणि दमटपणाने पानांवर तांबूस डाग येणार नाहीत अशा जागी ती ठेवावी, आणि स्वच्छ हातांनी ती वाचावी. रॅकहॅम यांनी ती वल्ही बंद पेटीसाठी काढली नव्हती.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्रातील पुस्तकांच्या सदरात अशा आवृत्तीची बातमी देताना आणखी एक ओळ द्यावी, एवढीच माझी विनंती आहे. ती ओळ अशी असू शकेल: ‘एकूण प्रती २८०, पैकी २५० क्रमांकित, २६ अक्षरांकित, ४ राखीव, सही चित्रकाराची, सुट्या पानावर हाताने केलेली, पान बांधणीत जोडलेले, लेखक हयात नाहीत.’ प्रकाशकाने ही माहिती दिली नसेल, तर ‘सही कोणाची, हे प्रकाशकाने सांगितलेले नाही’ असे छापावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक