तारखांच्या वहीसाठी आभार

प्रिय ताई,

पत्र उघड आहे, म्हणून तुझं नाव लिहीत नाही. नावावरून गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं पाहणारं आपलं बाल न्याय मंडळ कळेल, मंडळावरून एखादं मूल. मुलाची ओळख उघड करायला मनाई करणारं बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ आपल्यालाही लागू आहे.

फौजदारी न्याय आणि मुलांचे हक्क यांत काम करायचंय, असं इंटर्नशिपच्या अर्जात बहुतेक जण लिहितात. बाल न्याय मंडळात आल्यावर तू आधी कागद लावायला घेतलेस, त्याचे हे आभार.

सगळ्यात मोठं काम वयाच्या पुराव्याचं. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. प्रत्यक्षात थेट तपासणीकडे वळायचा मोह होतो, कारण तिचं पत्र देणं सोपं आणि जुनी शाळा शोधणं कटकटीचं. पण तपासणी वयाचा अंदाजच सांगते, आणि अठराच्या उंबरठ्यावर तो अंदाज मुलाला मोठ्यांच्या कोर्टात ढकलू शकतो. तू शाळा सोडल्याच्या दाखल्यावर थांबली नाहीस. पहिलीला नाव घातलं त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणलास. '१ जून' दिसला की ती गुरुजींनी प्रवेशावेळी अंदाजे टाकलेली तारीख असू शकते, हेही तुझ्या लक्षात राहिलं. आणि वय मोजायचं ते घटनेच्या दिवशीचं, पकडल्याच्या दिवशीचं नाही, हे तू प्रत्येक फाईलवर पेन्सिलीने लिहून ठेवलंस.

मग तुझी तारीखवही. पहिल्यांदा हजर केल्याचा दिवस, तिथून चार महिन्यांत चौकशी, जास्तीत जास्त दोन महिने मुदतवाढ. किरकोळ गुन्ह्यात त्यानंतरही चौकशी अपुरी राहिली तर प्रकरण संपतं. आम्हांला सर्वांत उपयोगी पडला तो सात दिवसांचा रकाना. जामीन मंजूर होऊनही अटी पुऱ्या न झाल्याने मूल निरीक्षणगृहातच, म्हणजे चौकशीच्या काळात मुलांना ठेवतात तिथेच, राहतं. सात दिवसांत अटी जमल्या नाहीत तर अट बदलण्यासाठी त्याला पुन्हा मंडळापुढे आणायचं असतं. कलम १२ मध्ये हे स्पष्ट आहे, तरी वहीत रकाना नसेल तर कुणाच्या लक्षात येत नाही.

मुलाच्या घरची माहिती काढून मंडळाला अहवाल देणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्यांसोबत गृहभेटीला जाताना ओळखपत्र पिशवीत ठेवायचीस, शेजाऱ्यांना मंडळाचं नाव सांगायची नाहीस. भेट संध्याकाळी, कारण दुपारी आईवडील कामावर असतात आणि अहवालात 'पालकांचं दुर्लक्ष' असा शेरा उगाच पडतो. 'वाईट संगत' हा तयार शब्द न वापरता शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, का सुटली, सकाळी घरात कोण असतं, हे लिहायचीस. 'तू काय केलंस?' हा प्रश्न मुलाला विचारला नाहीस. इंटर्नने तो विचारायचाच नसतो.

एक तक्रारही आहे: तुझी टिपणं लांब होतात. मंडळापुढे अहवाल चाळायला मोजकी मिनिटं मिळतात, म्हणून शिफारस पहिल्याच पानावर यायला हवी.

शिफारसपत्र सोबत जोडलंय. वही मात्र पाठवत नाही. तीत नावं नाहीत, फक्त प्रकरण क्रमांक आहेत, तरीही ती इथल्या कपाटातच कुलपात राहील. पुढचा विद्यार्थी आला की पहिल्या दिवशी त्याच्याकडून तीच भरून घेणार आहोत.

तुझे,
मंडळासोबत काम करणारे आम्ही सगळे