रोमला जातोयस तर...

पुणे

प्रिय अवधूत,

रोमला जाणार असल्याचं तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठलोच. गेले कित्येक महिने मी ज्या चित्राची नक्कल करतोय ते तिथेच आहे, सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये. इटालियन चित्रकार काराव्हाजोचं ‘संत मॅथ्यूला पाचारण’, १५९९-१६०० सालातलं. करवसुली करणाऱ्या मॅथ्यूला ख्रिस्त शिष्य व्हायला बोलावतो, तो प्रसंग. मूळ चित्र सव्वातीन मीटर उंच आणि जवळपास साडेतीन मीटर रुंद. माझा कॅनव्हास फक्त ३६ बाय ३४ इंचांचा.

तैलरंग शिकायचे तर एखादं डोकं किंवा फळांची टोपली घे, असं सगळ्यांनी सुचवलं. मी सात माणसं घेतली, आणि तेच बरोबर होतं असं मला आज ठामपणे वाटतं. एकच चेहरा रंगवताना नाक, डोळे, गालावरचा उजेड जमला की काम झालं. इथे टेबलाशी बसलेल्या पाचांपैकी एकाचा गाल जरा जास्त उजळला की उजवीकडून आत आलेल्या ख्रिस्ताकडे कुणाचं लक्षच जात नाही. सातही माणसं एकदमच पुढे न्यावी लागतात. आधी बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग पातळ करून नुसता उजेड-काळोख मांडायचा, मग हळूहळू रंग चढवायचा. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. उलटं केलं तर पुढे भेगा पडतात.

आणि तो काळोख! चित्राचा वरचा जवळजवळ निम्मा भाग म्हणजे रिकामी भिंत आणि एक खिडकी. गंमत म्हणजे खिडकीतून उजेड येतच नाही. तो उजवीकडून, वरून तिरपा येतो. चर्चमधल्या ज्या छोट्या चॅपेलमध्ये चित्र आहे, त्याची खरी खिडकीही त्याच बाजूला आहे, वेदीच्या वर. ही भिंत मला सगळ्यात जड गेली. अंबर लवकर वाळतो आणि वाळला की निस्तेज, मातकट दिसतो. मग जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून फडक्याने टिपून घ्यायचा, की बुडालेला रंग वर येतो आणि पुढची छटा नीट जोखता येते.

ख्रिस्ताचा हात मी किती वेळा पुसला असेन! मनगट सैल, बोट अर्धवट उचललेलं. सिस्टीन चॅपेलमधल्या मायकेलअँजेलोच्या आदमच्या हातावरून तो घेतलाय हे माहीत होतं, पण तो हुकूम देत नाही, नुसता बोलावतो, हे ब्रश हातात असतानाच कळलं. क्ष-किरण तपासणीत दिसलंय की ख्रिस्ताशेजारचा त्याचा शिष्य पीटर मागाहून घातलेला आहे. त्याने ख्रिस्ताचं बहुतेक शरीर झाकून टाकलं. उरला चेहरा, हात आणि पावलं. रंगवून झालेली आकृती अशी झाकायची हिंमत कुठून आणली असेल काराव्हाजोने?

नक्कल म्हटलं की इथे लोक नाक मुरडतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतल्या ग्रिफिथ्स या शिक्षकाच्या हाताखाली तिथल्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याची चित्रं तैलरंगात उतरवली. त्यातली कितीतरी पुढे लंडनच्या आगीत गेली. पण लेण्यातल्या त्या अंधारात बसून एकेक बोट, एकेक पापणी त्यांनी जशी न्याहाळली असेल, तशी आपण कधी न्याहाळली आहे?

तर माझं एक काम कर. चित्र चॅपेलच्या डाव्या भिंतीवर आहे, कठड्याजवळून तिरपंच बघावं लागेल. खिडकीखालची भिंत तपकिरी वाटते की हिरवट, तेवढं बघ. माझ्याकडच्या दोन फोटोंत ती दोन तऱ्हांची दिसते, म्हणून तो कोपरा अजून तसाच ठेवलाय. आणि मान खाली घालून नाणी मोजणाऱ्या त्या पोराकडे जरा वेळ बघ. मला तोच मॅथ्यू वाटतो. टेबलाशी बसलेल्या दाढीवाल्याचं बोट त्याच्याकडेच वळलंय. तुला काय वाटतं ते सविस्तर लिही.

तुझाच,
श्रीधर