आई-बाबा, चोवीसला त्या आजींकडे नक्की जा

सोलापूर, १४ डिसेंबर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं ना की तिकडं जर्मनीत या लोकांचा नाताळ दरवर्षी एकाच तारखेला कसा येतो, तिथी नाही नक्षत्र नाही, मग हा सूर्याचाच सण म्हणायचा का, आणि मागून आई म्हणत होतीस की दादाच्या खालच्या मजल्यावरच्या पोलिश आजींनी चोवीसला जेवायला बोलावलंय पण दुसऱ्याच्या सणाला आपण कशाला जायचं, उगाच अवघडल्यासारखं होतं. या दोन्हीचं उत्तर फोनवर नीट देता येईना म्हणून लिहायला बसले. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगा.

बाबा, आधी तुमचं. तुमचा अंदाज अर्धा बरोबर आहे. येशूचा जन्म कुठल्या दिवशी झाला हे बायबलमध्ये कुठंच लिहिलेलं नाही. सुरुवातीच्या काळात ख्रिस्ती लोकांचा मोठा सण म्हणजे ईस्टर, जन्मदिवसाचं फारसं कौतुक नव्हतंच. २५ डिसेंबरची पहिली पक्की नोंद रोममधली, इ.स. ३३६ ची, आणि ती सापडते ३५४ साली तयार झालेल्या एका रोमन पंचांगात. आता हीच तारीख का, तर दोन मतं आहेत. एक म्हणजे रोममध्ये डिसेंबरात आधीपासूनच सणासुदीचे दिवस असायचे, १७ तारखेपासून सॅटर्नेलिया, त्यात मालक गुलामांबरोबर बसून जेवायचे, एकमेकांना भेटी द्यायचे, आणि २७४ साली ऑरेलियन बादशहानं अजिंक्य सूर्य म्हणून एका देवाचं मोठं देऊळ बांधलं, तर त्याच सूर्याचा दिवस चर्चनं घेतला असं म्हणतात. दुसरं मत हिशोबाचं आहे. येशू आईच्या पोटी आला तो दिवस २५ मार्च असं धरायचे, त्यात नऊ महिने मिळवा, २५ डिसेंबर येतो. मला हे दुसरं जास्त पटतं, कारण २५ डिसेंबरच्या त्या सूर्याच्या उत्सवाची नोंदसुद्धा त्याच ३५४ च्या पंचांगात मिळते, त्याच्या आधी काही पक्कं हाताला लागत नाही. मग कुणी कुणाचं घेतलं हे कसं ठरवणार.

पण सूर्य त्यात आहेच, आणि हे वाचताना तुमचीच आठवण आली बाबा. ज्युलियस सीझरनं कॅलेंडर लावलं तेव्हा रोमन लोक २५ डिसेंबर हाच वर्षातला सगळ्यात लहान दिवस मानायचे, म्हणजे तिथून उत्तरायण. पण सीझरचं वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा साधारण अकरा मिनिटांनी मोठं होतं, त्यामुळं तारीख आणि सूर्य यांची ताटातूट होत गेली, शेवटी १५८२ मध्ये पोप ग्रेगरीनं दहा दिवस गाळले, ४ ऑक्टोबर झाला की दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर. रशिया, सर्बियाच्या चर्चनं हे मानलंच नाही, ते अजून जुन्याच हिशोबानं चालतात म्हणून त्यांचा नाताळ आपल्या कॅलेंडरवर ७ जानेवारीला येतो, आणि २१०१ पासून तो ८ जानेवारीला येणार आहे. आणि आपली संक्रांत बघा, तीही मुळात उत्तरायणाचीच ना, साधारण सतराशे वर्षांपूर्वी ती खरोखर त्याच दिवशी पडायची, आता तीन आठवड्यांहून जास्त पुढं सरकलीय कारण आपलं पंचांग ताऱ्यांवरून चालतं, आणि दर सत्तर-बहात्तर वर्षांनी ती एक दिवस पुढं जाते. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचाच आणि तारीख १२ जानेवारी १८६३, तुम्हीच एकदा दाखवलं होतं मला. म्हणजे यांचा नाताळ आणि आपली संक्रांत, दोन्ही त्याच एका दिवसाजवळून निघालेले आणि आपापल्या हिशोबानं लांब गेलेले. मला हे फार आवडलं.

आता ओजसचे बूट. ५ तारखेला रात्री त्यानं बूट पुसून दाराशी ठेवले आणि सकाळी त्यात अक्रोड, चॉकलेट निघालं म्हणून आईला नवल वाटलं होतं. तो नाताळ नव्हे, तो सेंट निकोलसचा दिवस, ६ डिसेंबर. हे निकोलस चौथ्या शतकात मायरा गावचे बिशप होते, आजच्या तुर्कस्तानात. त्यांची जी कथा सांगतात ती ऐकून आई तू हळहळशील. एका माणसाच्या तीन मुली लग्नाच्या, हुंड्याला पैसा नाही, घरात इतकी गरिबी की मुलींना विकायची वेळ आलेली. निकोलसनी रात्री अंधारात त्या घराच्या खिडकीतून सोन्याच्या मोहरांची थैली आत टाकली, मग दुसरीसाठी, मग तिसरीसाठी, आणि कोण टाकतंय हे कळू द्यायचं नाही. पुढं डच लोकांनी त्यांना सिंटरक्लास म्हटलं, त्यांच्याकडून अमेरिकेत जाऊन सांताक्लॉज झाला. मला तो लाल कपड्यातला मॉलमधला सांता काही विशेष वाटत नाही, पण खिडकीतून थैली टाकणारा माणूस डोक्यातून जात नाही. आणि तुमच्या न्यूरेंबर्गकडं तर चोवीसला भेटी सांता आणतच नाही, ख्रिस्टकिंड आणतं. ही प्रथा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या काळापासून वाढली, त्याला संतांची भक्ती नको होती, म्हणून निकोलसच्या जागी बाळ येशू. तुम्ही नाताळच्या बाजारात पाहिली ना, ख्रिस्टकिंड झालेली सोनेरी केसांची मुगुटवाली मुलगी, ती दर दोन वर्षांनी गावातूनच निवडतात आणि फ्राउएनकिर्शे चर्चच्या सज्जातून बाजाराचं उद्घाटन तिच्याच हातानं होतं.

घरात झाड का आणतात, तर ते जर्मन लोकांचंच. सोळाव्या शतकापासून अल्सास आणि तिकडच्या भागात घरात झाडं आणल्याच्या नोंदी आहेत. २४ डिसेंबर हा आदम आणि हव्वाचा दिवस मानायचे, त्याच्या नाटकात सफरचंदं टांगलेलं झाड लागायचं, तेच पुढं घरात आलं असं म्हणतात, मग सफरचंदांच्या जागी काचेचे गोळे आले, थुरिंजियातल्या लाउशा गावचे. इंग्लंडात ते १८४८ मध्ये एका साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाच्या घरच्या झाडाचं चित्र छापून आल्यावर सगळीकडं पसरलं. आणि वहिनीच्या टेबलावरच्या चार मेणबत्त्यांचं चक्र, ते तर आणखी अलीकडचं. हाम्बुर्गला विखर्न नावाचे पाद्री गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे, मुलं रोज विचारायची किती दिवस राहिले नाताळला, म्हणून त्यांनी १८३९ मध्ये गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोज एक जास्त पेटवायची, रविवारची मोठी.

आई, त्या लेबकुखन बिस्किटांना मसाल्याचा वास येतो म्हणालीस ते खरंय, त्यात दालचिनी, लवंग, वेलदोडा, सुंठ, धने सगळं असतं. न्यूरेंबर्ग जुन्या व्यापारी रस्त्यांवरचं गाव, तिथं मसाले यायचे आणि आसपासच्या जंगलातून मध. पण त्यात पुष्कळदा अंडं असतं, त्यामुळं तू विचारूनच खा.

आपल्याकडचंही सांगते, कारण हे सगळं गोऱ्यांचंच असं तुम्हाला वाटायला नको. फादर स्टीफन्स इंग्लंडातून १५७९ ला गोव्यात आले आणि त्यांनी येशूची अख्खी कथा मराठीत ओव्यांमध्ये लिहिली, १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं गेलं. आई, तुला ज्ञानेश्वरीची सवय आहे, तुला त्या ओव्या सहज लागतील, इथं लायब्ररीत मिळालं तर काढून ठेवते. आणि आपल्या सोलापुरात, नगरला शाळा-चर्च काढणारं अमेरिकन मराठी मिशन, त्याची मूळ संस्था बोस्टनची. बोस्टन ज्यात आहे त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड होता! तिथले प्युरिटन पंथाचे कडवे ख्रिस्ती म्हणायचे की बायबलमध्ये हा सण नाहीच. म्हणजे ख्रिस्ती लोकांतच नाताळ पाळायचा की नाही यावर भांडणं झालेली आहेत आणि आज आपल्या रंगभवनच्या बाजूला चर्चवर लायटिंग असतं, रस्त्यानं जाताना किती छान दिसतं.

आता मुद्द्याचं, पोलिश आजींचं. त्यांच्याकडं २४ ची संध्याकाळ म्हणजे विगिलिया, नाताळापेक्षाही मोठी. दिवसभर नीट जेवत नाहीत, आकाशात पहिली चांदणी दिसली की मगच जेवायला बसायचं, आई, तुझ्या संकष्टीसारखंच. टेबलावर चादरीखाली थोडं गवत ठेवलेलं असेल, येशू गोठ्यात जन्मला त्याची आठवण. बारा पदार्थ करतात आणि परंपरेनं त्यात मांस नसतं. मासा असतो हं टेबलावर, बहुतेक कार्प, तो तुम्ही घेऊ नका, पण बिटाचं लाल सूप असतं, कोबी आणि मशरूम भरलेल्या पियेरोगी, म्हणजे करंजीसारख्या, असतात, खसखशीचं सारण घातलेला रोल असतो, तुमचं पोट भरेल. आधी दादाला सांगून कळवून ठेवा की आम्ही मासा-अंडं खात नाही, त्यात लाजायचं काही नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात. रिकामं. न बोलावता कुणी दारात आलं तर त्याच्यासाठी. येशूच्या आईबापांना त्या रात्री धर्मशाळेत जागा मिळाली नव्हती ना, त्याचीच ही आठवण. मेक्सिकोत तर १६ ते २४ डिसेंबर रोज रात्री लोक मेरी-योसेफ होऊन घरोघर जातात, जागा द्या म्हणून गाणं म्हणतात, आतले आधी नाही म्हणतात, शेवटच्या घरात दार उघडतं आणि सगळ्यांना खाऊ-पिऊ घालतात. फिलिपिन्समध्ये त्याच नऊ दिवसांत पहाटे अंधारात चर्चला जातात, इथिओपियातले लोक त्याआधी त्रेचाळीस दिवस दूध-मांसाशिवाय राहतात आणि ७ जानेवारीला सण करतात. सगळीकडचं वाचलं मी, पण मला त्या जास्तीच्या ताटाएवढं काही भावलं नाही. ज्या घरात अनोळखी माणसासाठी जागा आधीच मांडून ठेवतात त्या घरी तुम्हाला तर नाव घेऊन बोलावलंय. त्या आजींची मुलं लांब आहेत असं वहिनी म्हणाली. त्या तुमची वाट बघतील. मला इथं बसून वाटतं की तुम्ही दोघं त्या थंडीत खोलीत टीव्ही बघत बसू नये.

जेवणाआधी त्या एक पांढरा, पातळ, चौकोनी वेफर पुढं करतील, ओप्वातेक. त्याचा बारीक तुकडा तोडायचा, तुमचाही त्यांनी तोडायचा, आणि एकमेकांना चांगलं आरोग्य, सुख चिंतायचं. तो चर्चमधला मंत्रलेला प्रसाद नसतो, कुणालाही घेता येतो, त्यामुळं बाबा तुम्ही विचारात पडू नका. मराठीत बोललात तरी चालेल, आशीर्वाद त्यांना कळतील.

रिकाम्या हातानं जाऊ नका. आईनं ओजसच्या खोलीसाठी नेलेली सोलापुरी चादर अजून पॅकच असेल तर तीच द्या, मी दुसरी पाठवते, चाटी गल्लीत आणायला कधीही जाईन. फुलं न्यायची असतील तर तेवीसलाच आणा, चोवीसला तिकडं दुपारी दोनपर्यंत दुकानं बंद होतात आणि बाजारही उठतो. बाबांनी कानटोपी घालूनच खाली उतरायचं, एक मजला असला तरी जिना गार असतो. पंचवीसला सकाळी तुमच्या नऊला फोन करते, इकडं दीड वाजलेला असेल, जेवून निवांत असेन.

तुमची,
ताई

ता.क. सिद्धेश्वर यात्रेच्या नंदीध्वजांचा सराव सुरू झालाय, रात्री बाळीवेशीतून आवाज येतो. गड्डा यात्रेचे व्हिडिओ रोज पाठवते, बाबांनी फक्त मोबाईलचा आवाज वाढवायला शिकून घ्या.