मावशीच्या घरावरली छत्री काढू नको

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू म्हणलास की टीव्हीचं आता काही खरं नाही, चार-पाच वर्षात सगळं ऑनलाईनच होणार, म्हणून दिवाळीला येताना मोठा स्मार्ट टीव्ही आणतो अन् मावशीच्या घरावरली टीव्हीची छत्री, म्हणजे डिश, काढूनच टाकतो. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, नीट बोलता आलं नाही, पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून निवांत लिहायला बसलोय. लांबलं तर वाच निवांत.

तू पुण्यात बसून बोलतोस ते खोटं नाही. अमेरिकेत २०२५ च्या मे महिन्यात पहिल्यांदाच असं झालं की टीव्हीच्या पडद्यावर लोक स्ट्रीमिंग, म्हणजे इंटरनेटवरून, जेवढा वेळ बघतात तो साधा टीव्ही अन् केबल दोन्ही मिळून जेवढा होतो त्याच्या पुढं गेला, लोक टीव्हीवर काय किती बघतात ते मोजणाऱ्या नील्सन कंपनीचा आकडा आहे तो, एकूण बघण्याच्या वेळेतले ४४.८ टक्के विरुद्ध ४४.२. आपल्याकडं आयपीएलचंच बघ, २०२३ ते २०२७ चे भारतातले टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटीला गेले अन् डिजिटलचे २०,५०० कोटीला, त्यात निवडक मॅचेसचं वेगळं पॅकेज धरलं तर डिजिटल टीव्हीच्या पुढंच जातं. एवढा पैसा लावणारे लोक उगाच लावत नाहीत. पोरं तर टीव्हीकडं बघत पण नाहीत, माझा पुतण्या मॅच चालू असली तरी ओसरीवर फोन घेऊन बसतो, आत टीव्हीवर विकेट पडली की आम्ही ओरडतो अन् त्याच्याकडं अजून बॉलर पळतच येत असतो, ॲपवर मॅच वीस-तीस सेकंद मागं असते ना, तरी त्याला चालतं.

पण संज्या, टीव्ही म्हणजे तू नेमकं काय धरतोस ते मला कळंना. अँटेनाचा टीव्ही तर कधीच गेला. अंबाजोगाईच्या टॉवरकडं तोंड करून आपण माळवदावर अँटेना फिरवायचो, एक जण वर अन् एक जण खाली "आलं आलं, गेलं" ओरडायला, आठवतं का. दूरदर्शननं २०२२ पर्यंत असले जवळपास सगळे ॲनालॉग ट्रान्समीटर बंद करून टाकले, अन् गावात कुणाला पत्ताही लागला नाही, कारण तोवर सगळ्यांच्या घरावर छत्र्या आल्यात्या. आता जी मरायला टेकलीय ती केबल. अन् तिला एकट्या ओटीटीनं, म्हणजे त्या ऑनलाईन ॲपनी, मारलं नाही, दोन्हीकडून दाबलं, वरून इंटरनेटनं अन् खालून दूरदर्शनच्या फुकटातल्या छत्रीनं, फ्री डिशनं. हे तुम्हा शहरातल्या लोकांना दिसतच नाही, तुम्हाला फक्त वरचं दिसतं.

आमच्या दाजींचंच बघ. एकेकाळी अर्ध्या गंगाखेडात त्यांची केबलची वायर होती, गच्चीवर त्या मोठ्या जाळीच्या डिश, खालच्या खोलीत मशिनी, वसुलीला दोन पोरं. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं अन् पहिले काही महिने नेट फुकटच होतं, तिथून तरणी पोरं गेली. मग २०१९ ला चॅनेल निवडून घ्यायचा नियम आला, आधी १३० रुपये अधिक जीएसटी, त्यावर पैशाचं चॅनेल घ्यायचं तर त्याचे वेगळे, अन् म्हाताऱ्या माणसाला ते चॅनेलचे हिशोब काही केल्या समजंनात. ज्याच्याकडं पैसा होता तो फायबरकडं गेला, ज्याच्याकडं नव्हता तो माझ्या दुकानात येऊन फ्री डिशची छत्री घेऊन गेला. दाजी आता त्याच खांबांवरून इंटरनेट देतात. माणूस तोच, खांब तेच, वायरीतलं बदललं.

फ्री डिश तुला माहिती असंल पण तू हलकं समजतोस म्हणून सांगतो. २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शननं सुरू केलं, तेव्हा डीडी डायरेक्ट प्लस नाव होतं. एकदा छत्री अन् बॉक्सचे पैसे दिले की महिन्याचं काहीच नाही, रिचार्ज नाही, आधार नाही, ओटीपी नाही. आज देशात चार कोटींच्या वर घरात ती असल्याचा अंदाज आहे. मी स्वतः बसवतो ना, बसवायला गेलो की आधी आग्नेयेकडं झाड आहे का बघायचं, मग नट ढिला ठेवून छत्री हळूहळू सरकवायची, बॉक्सवरचा क्वालिटीचा पट्टा हिरवा झाला की तिथंच आवळायचं, छत्रीच्या तोंडापुढं सिग्नल धरणारं एलएनबी असतं ते जरासं वळवून अजून दोन टक्के काढायचे. शेतातल्या आखाड्यावर राहणाऱ्या सालगड्याच्या पत्र्यावर बसवली की खाली बायका-लेकरं सगळी वर बघत उभी असतात. त्या घरात महिन्याला ठरलेले पैसे येतच नाहीत, हंगामात येतात अन् मग येत नाहीत. त्याला दर महिन्याचं सबस्क्रिप्शन कुठून झेपणार, तूच सांग.

अन् हे स्वस्त का पडतं त्याचं कारण पण आहे. सॅटेलाईटवरून एकदा सोडलं की लाख घरात दिसो नाही तर चार कोटी घरात, वरचा खर्च तोच. ऑनलाईनला साधारणपणे प्रत्येक फोनला त्याचा वेगळा प्रवाह पाठवावा लागतो, मॅचला लोक वाढले की सर्व्हर वाढवा, नेटवर्क वाढवा. एक म्हणजे देवळावरच्या भोंग्यावरून गावाला सांगणं अन् दुसरं म्हणजे घरोघर फोन लावून तेच सांगणं. त्यामुळं फुकटात सगळ्यांना द्यायचं असंल तर छत्रीला अजून तरी तोड नाही, भले जोराचा पाऊस आला की सिग्नल जातो.

लाईट गेल्यावर मात्र फोनच कामाला येतो हे कबूल, आमची डीपी, म्हणजे लाईटचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की आठ-आठ दिवस नवी येत नाही, टीव्ही नुसता भिंतीवर.

आता मावशीचं. मागच्या महिन्यात तिच्या रिमोटचे सेल बदलायला गेलतो. तिनं रिमोटला प्लॅस्टिक बांधलंय अन् तिला तीनच बटणं माहिती आहेत, चालू-बंद, आवाज अन् पुढचं चॅनेल. सांजच्याला देवाला दिवा लावला की शेजारच्या दोघी येतात, शेंगा निवडत सिरियल बघतात, मधी जाहिरात लागली की गप्पा, कुणाची सून कुठं, कुणाच्या तुरीला काय भाव. तू स्मार्ट टीव्ही आणशील, त्यात तुझं अकाउंट टाकशील, अन् एक दिवस ते आपोआप लॉगआऊट होईल, ओटीपी येईल तुझ्या फोनवर अन् तू असशील मिटिंगमध्ये. मावशी तुला फोन करणार नाही, लेकराला कामात त्रास नको म्हणून टीव्ही बंद करून बसून राहील. तू तिला ओळखतोस.

ऑनलाईन वाईट आहे असं मी म्हणतच नाही बरं का. आपली बोली टीव्हीनं कधी धडपणे दाखवली? सिरियलमध्ये खेड्यातला माणूस आला की एक तर गडी नाही तर हसवायला. आज परभणी, बीड, हिंगोलीकडची पोरं मोबाईलवर शूटिंग करून यूट्यूबवर टाकतात, त्यात आपल्यासारखंच बोलतात, सोयाबीन, सोयरीक, बांधावरची भांडणं सगळं असतं, अन् मावशी सुद्धा ते माझ्या फोनवर बघून पोट धरून हसली. हे कुठल्या चॅनेलच्या ऑफिसात मंजूर झालं नसतं. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान उतरलं तेव्हा इस्रोच्या यूट्यूबवर एका वेळी ८० लाखांच्या वर लोक होते, आमच्या दुकानात फोन टीव्हीला जोडून सगळी पेठ जमलती. म्हणजे मिळून बघणं फक्त टीव्हीलाच जमतं असंही नाही.

मला काळजी वेगळीच आहे. टीव्ही अन् ॲप यांची भांडणं आपण लावतो पण मालक आता एकच होत चाललेत, आयपीएलचे टीव्हीवाले अन् ॲपवाले २०२४ च्या नोव्हेंबरात एकत्र आलेच की. उद्या त्यांनी ठरवलं की मॅच फक्त पैसे भरून, तर गरिबाच्या घरात काय उरणार? २००७ च्या कायद्यानं देशाच्या महत्त्वाच्या मॅचेस दूरदर्शनला द्याव्याच लागतात, म्हणून भारताच्या बऱ्याच मॅचेस आखाड्यावर दिसतात. ही सोय टिकली पाहिजे, ऑनलाईनला सुद्धा असंच काहीतरी पाहिजे. फ्री डिशवर पण खाजगी चॅनेल लिलावात जागा घेतात, एखाद्यानं घेतली नाही की चॅनेल गायब, मग बायका माझ्या दुकानात येऊन म्हणतात आमची सिरियल कुठं गेली, अन् मला सांगायला काही नसतं. संपणार-नाही संपणार यापेक्षा याच्यावर बोललं पाहिजे आपण, तू तिकडं चार शिकलेल्या माणसात बसतोस, तू बोल.

तर टीव्ही आण, नक्की आण. फक्त घेताना मागं एव्हीची, म्हणजे जुन्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची, जागा आहे का बघ, मावशीचा बॉक्स जुना आहे, नव्या टीव्हीला लागणारी एचडीएमआयची वायर नाही बसत त्याला. छत्री तशीच राहू दे, दिवाळीआधी मी तिची वायर बदलून ठेवतो, उंदरानं कुरतडलीय. फायबर पण दाजींकडून घेऊ, तू आल्यावर पोरांना लागंलच. अन् अकाउंटला नंबर माझा टाक, ओटीपी आला की मी जाऊन टाकून येईन, दुकानापासून घर कितीसं लांब आहे.

वहिनीला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच,
दिल्या