पासवर्ड न लावलेल्या फाइलीबद्दल

उद्यमनगरातल्या दादांना, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नका असं बजावलंत, म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरातले दादा एवढंच लिहितो. पण आभार चारचौघांत मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझ्या जुन्या बलेनोला नवा ईसीयू, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा इंजिनचा कॉम्प्युटर, बसवून गाडी ताब्यात देताना तुम्ही किल्लीबरोबर एक पेनड्राइव्ह आणि वहीचं एक पान दिलंत. पेनड्राइव्हमध्ये मेगास्क्वर्टची, म्हणजे त्या नव्या ईसीयूची, पहिली फाइल, शेवटची फाइल आणि सगळे लॉग, म्हणजे चालत्या इंजिनच्या नोंदी. एकालाही पासवर्ड नाही. पानावर प्रत्येक वायरचा रंग आणि तिचा पिन नंबर. इंजिनचा वेग वाचणाऱ्या क्रँक सेन्सरच्या शिल्डपुढे, म्हणजे वायरवरच्या जाळीपुढे, लाल पेनाने लिहिलंय, ‘अर्थिंग एकाच टोकाला, ईसीयूकडे’, आणि त्याखाली दोन रेघा. दोन्ही टोकांना अर्थिंग दिलं तर शिल्डमधूनच करंट फिरतो, सिग्नलमध्ये कचरा येतो आणि चार-साडेचार हजार आरपीएमला इंजिन तुटक चालायला लागतं. पुढे कधी दुसऱ्या कुणी वायरिंगला हात लावला तर त्याने ही चूक करू नये, म्हणून त्या दोन रेघा. दादा, सगळ्या कामात मला हे पान मोठं वाटतं.

कारण आधीच्या गॅरेजने पिगीबॅकच्या डब्याला पासवर्डचं कुलूप लावून दिलं होतं. पिगीबॅक म्हणजे कंपनीचा ईसीयू तसाच ठेवून त्याच्याकडे जाणारे सिग्नल बदलणारा डबा. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो दाबाने हवा भरत असताना, मिक्श्चर (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा) किती ठेवलंय, टायमिंग (ठिणगीची वेळ) किती मागे घेतलंय, विचारलं की एकच उत्तर: ते आमचं सेटिंग आहे. पैसे पूर्ण घेतले, इंजिन माझं, आणि आकडे त्यांचे! त्या आकड्यांतच घोळ होता.

तो घोळ इतरांनाही कळावा म्हणून लिहितो. जुन्या बलेनोचं १.६ लिटरचं इंजिन, त्यावर ०.४ बारचा छोटा टर्बो आणि पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर. इंजेक्टर मोठे झाले की पेट्रोल जास्त पडतं, म्हणून पिगीबॅकने इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा व्होल्टेज कमी करून कंपनीच्या ईसीयूला दाखवला. पेट्रोल आटोक्यात आलं. पण ईसीयू त्याच व्होल्टेजवरून इग्निशनचं टायमिंगही ठरवतो. त्याला वाटलं इंजिनवर लोड कमी आहे, म्हणून त्याने टायमिंग आणखी पुढे नेलं. वर कंपनीचा सेन्सर वातावरणाच्या दाबाच्या फारसा वर वाचतच नाही, म्हणजे बूस्ट त्याला दिसतच नव्हता. ०.४ बार म्हणजे सुमारे सहा पीएसआय. दर पीएसआय बूस्टला साधारण एक डिग्री मागे, या ढोबळ हिशेबाने सहा डिग्री मागे हवं होतं, तिथे उलट पुढे. ठिणगी फार लवकर पडली की पिस्टनला मार बसतो. तुम्ही प्लग काढून टॉर्चखाली धरलात. पांढऱ्या पोर्सिलीनवर मिठाच्या कणाएवढे चंदेरी ठिपके. ‘हे पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे,’ म्हणालात, आणि गाडी तिथेच ठेवायला लावलीत.

हळू चालवताना तर दुसरंच भांडण चालू होतं. क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बघत चालताना, कंपनीचा ईसीयू मिक्श्चर १४.७ वर खेचतो. पिगीबॅक पेट्रोल कमी-जास्त करतो, ईसीयू ट्रिममधून, म्हणजे स्वतःच्या दुरुस्तीतून, ते उलट फिरवतो, आणि शिकलेली ट्रिम तो सेन्सर न बघता चालणाऱ्या ओपन लूपमध्येही वापरतो. म्हणून सोमवारी बसवलेलं सेटिंग शनिवारी बदललेलं असायचं.

एवढं बघूनही तुम्ही स्टँडअलोन, म्हणजे कंपनीचा ईसीयू काढून त्याजागी बसवायचा मेगास्क्वर्टसारखा स्वतंत्र ईसीयू, विकायची घाई केली नाहीत. आधी वाइडबँड, म्हणजे मिक्श्चर नेमकं मोजणारा सेन्सर, लावून लॉग घेतलात, मग इंजेक्टरचा हिशेब कागदावर मांडलात. १३० अश्वशक्ती हवी. टर्बो इंजिनला दर अश्वशक्तीला तासाला सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल धरायचं. चार इंजेक्टर, ८० टक्क्यांच्या वर ड्यूटी, म्हणजे इंजेक्टर उघडा राहायचा वेळ, न्यायची नाही. म्हणजे प्रत्येकी मिनिटाला २५० सीसी. मग म्हणालात, या गाडीला केबलचा थ्रॉटल आहे, कॅन बस (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती वायर) नाही, आणि ती ट्रेलरवरून फक्त ऑटोक्रॉसच्या शर्यतीला जाते, तेव्हा इथे स्टँडअलोन शोभतो.

त्याच दिवशी एक मुलगा नवीकोरी हॅचबॅक घेऊन आला. फक्त फिल्टर आणि एक्झॉस्ट बदललेला, पण हट्ट स्टँडअलोनचा. मोठं बिल होत असताना तुम्ही त्याला परत पाठवलंत. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, इमोबिलायझर, एबीएस, स्टेअरिंग, मीटर सगळे कॅनवर ईसीयूशी बोलतात. ईसीयू काढला की प्रत्येकाची समजूत घालत बसावं लागतं. ईसीयूचं रीफ्लॅश, म्हणजे त्यातलंच सॉफ्टवेअर बदलून, मिळत असेल तर ते कर, नाहीतर साधा पिगीबॅक, हे तुम्ही त्याला शांतपणे समजावलंत. गिऱ्हाइकाला नको ते विकायचं नाही, आणि जे विकलं ते त्याच्यापासून लपवायचं नाही. अशी माणसं प्रत्येक धंद्यात थोडी तरी असतात, म्हणून तर आपण अनोळखी माणसाच्या हातात किल्ली देतो.

तुमच्याकडून शिकण्यासारखं इतकं आहे की सगळं इथे मावणार नाही. क्रँक सेन्सरसाठी ३६ वजा १ दातांचं (३६ पैकी एक दात मुद्दाम गाळलेलं) चाक बसवल्यावर सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० डिग्रीवर लॉक करून पुलीवर ठिणगीबरोबर चमकणारी टायमिंग लाइट मारायची. स्क्रीनवर १० आणि पुलीवर १४ दिसत असेल तर पुढचा सगळा तक्ता चार डिग्रीने खोटा. सेन्सरचं अर्थिंग बॉडीला नाही, ईसीयूलाच. कॉइलचा ड्वेल, म्हणजे ठिणगीआधी तिला चार्ज करायचा वेळ, तिच्या मापाने. उगाच वाढवला तर कॉइल तापून मरते. इंजेक्टरचा डेड टाइम, म्हणजे करंट मिळाल्यापासून उघडायला लागणारा वेळ, बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे भरायचा, नाहीतर हेडलाइट आणि फॅन एकदम लागले की आयडलला मिक्श्चर लीन होऊन (पेट्रोल कमी पडून) गाडी बंद पडते. बूस्टमध्ये मिक्श्चर ११.५ ते १२. आणि कोल्ड स्टार्ट! त्यासाठी तुम्ही तीन दिवस रोज पहाटे एकदाच स्टार्टर मारलात, कारण थंड इंजिन दिवसाला एकदाच मिळतं. एवढी चिकाटी मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही.

ते वहीचं पान मी लॅमिनेट करून ग्लव्हबॉक्सच्या झाकणाला आतून लावलंय. फाइलीच्या दोन प्रती काढून ठेवल्या आहेत. पुढच्या महिन्यात फ्युएल पंप बदलणार आहे. त्यानंतरचे लॉग पाठवतो, तेवढे नजरेखालून घाला.

तुमचा ऋणी,
पांढऱ्या बलेनोवाला