‘किल टाइम’ कुठे चालते आणि कुठे नाही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या अर्जाचा मसुदा वाचला. तो उत्तम उतरला आहे. मात्र ‘आय किल माय टाइम बाय रीडिंग’ हे वाक्य तू काढून टाकावेस, असे मला वाटते.

‘किल टाइम’ म्हणजे ‘वेळ घालवणे’ हा अर्थ आपण पाठ केला खरा, पण तो अपुरा आहे. या शब्दांमागे बहुधा पुढे ठरलेले काहीतरी असते. गाडी सुटायला दोन तास अवकाश आहे, किंवा डॉक्टरांनी पाचला बोलावले असून आपण चारलाच येऊन बसलो आहोत, अशा वेळी मधला रिकामा वेळ कसाबसा सरावा म्हणून माणूस जुने मासिक चाळतो, समोरच्या दुकानाच्या पाट्या वाचतो, त्याला ‘किल टाइम’ म्हणतात. ‘वी हॅव टू अवर्स टू किल’ असे म्हणणारा आळशी ठरत नाही, तो फक्त वाट पाहत असतो. अठराव्या शतकातल्या इंग्रजीतही पत्ते खेळून तासभर असाच ‘मारला’ जात असे. आपले ‘वेळ मारून नेणे’ मात्र निराळे. त्यात थाप असते, अडचणीतून सुटका असते, आणि रिकामपणाचा तर मागमूसही नसतो.

आता तुझे वाक्य पाहा. वाचनाची आवड सांगायला निघालास आणि दुसरे काही सुचेना म्हणून पुस्तक उघडतो, असे सांगून बसलास! याच कारणाने कोणाच्या घरी जाऊन ‘टाइम किल करायला आलो’ म्हणणे यजमानाला लागू शकते. वेळ आनंदात गेला असेल तर ‘वाइल अवे’ म्हणावे. ‘वेस्ट’ म्हटले की ठपका आला.

एक बारकावा राहिला. ‘पास द टाइम’ म्हणताना ‘द’ लागतो, ‘किल टाइम’मध्ये सहसा लागत नाही, आणि ‘पास द टाइम ऑफ डे’ म्हणजे भेटलेल्या माणसाशी दोन शब्द बोलणे, तेथे वेळ घालवण्याचा संबंध नाही.

अर्जात ‘आय स्पेंड माय इव्हनिंग्ज रीडिंग’ असे साधे वाक्य लिही. ‘स्पेंड’मध्ये निवड दिसते, आणि तुला तेच दाखवायचे आहे. दुरुस्त मसुदा पाठव, म्हणजे दुसरे पानही पाहून देईन.

तुझा स्नेहांकित,
मित्र