कॉलमचे जॅकेटिंग ही दुरुस्ती की सुधारणा? केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री महोदया,
स.न.वि.वि.

मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 353-ब नुसार 30 वर्षांवरील इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे. अहवालात बहुधा एकच दुखणे निघते: पाणी मुरले, गज गंजून फुगले आणि त्यांनी आपल्यावरचा काँक्रीटचा थर (कव्हर) उडवला. मग टेकू लावून सैल काँक्रीट फोडायचे, गज घासायचे, झिजले असतील तिथे नवे जोडायचे आणि कॉलमभोवती मायक्रोकाँक्रीटचे (बारीक खडीच्या काँक्रीटचे) जॅकेट, म्हणजे नवा थर, चढवायचे. चारही बाजूंनी 75 मिमी जॅकेट दिले की 230 बाय 450 चा कॉलम 380 बाय 600 होतो. कंत्राटदार मात्र बिलावर ‘रिपेअर्स’ लिहून मोकळा होतो.

या एका शब्दाने करात फरक पडतो. घर विकताना भांडवली नफ्यातून ‘सुधारणेचा खर्च’ वजा होतो, दुरुस्तीचा नाही. म्हणजे भर घालण्याचा किंवा फेरफाराचा भांडवली खर्च. मंजुरी घेऊन गच्चीवर खोली चढवली तर ती निर्विवाद सुधारणा. ती खोली पेलणारा कॉलम वाचवला, तर ‘नवीन काय केले?’ हा प्रश्न ठरलेला! गृहनिर्माण संस्थेच्या सभासदाच्या वाट्याचा 5 लाखांचा खर्च नाकारला गेला, तर साडेबारा टक्के दराने 62,500 रुपये कर वाढतो, उपकर वेगळाच.

कर्ज काढले तरी तीच गत. स्वतः राहत्या घराच्या दुरुस्ती-कर्जावरील व्याजाची वजावट वर्षाला 30,000 रुपये, तीही जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत शून्य. 2014 मध्ये खरेदी-बांधकामाच्या कर्जासाठीची मर्यादा दीड लाखावरून 2 लाख झाली, तेव्हाही हा आकडा हलला नाही. 2025 च्या नव्या प्राप्तिकर अधिनियमातही तो तसाच आहे. उलट घर भाड्याने दिले, तर एक वीटही न बदलता 30 टक्के सरसकट वजावट मिळते.

पुराव्याची अडचण आणखी मोठी. बिल संस्थेच्या नावावर, पॅन संस्थेचा. सभासदाच्या हाती ‘मेजर रिपेअर फंड’ची पावती तेवढी. तिच्यावरून जॅकेटिंग किती आणि रंगकाम किती, हे कळत नाही. रंगकाम, नळ, फुटक्या लाद्या ही दुरुस्तीच. त्यावर सवलत आम्ही मागत नाही.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून स्ट्रक्चरल ऑडिटरने सुचवलेले भारवाहक भागांचे मजबुतीकरण ‘सुधारणा’ मानावे. ऑडिट अहवाल, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि कामनिहाय अंतिम बिल जोडून संस्थेने दिलेला सदनिकानिहाय वाट्याचा दाखला पुरावा म्हणून ग्राह्य धरावा. अशा कामासाठीच्या कर्जाला 30,000 ऐवजी 2 लाखांची मर्यादा लावावी. त्यासाठी मात्र कायद्यात दुरुस्ती लागेल, ती येत्या वित्त विधेयकात यावी.

आपले,
गृहनिर्माण संस्थांसाठी काम करणारे काही सनदी लेखापाल व स्ट्रक्चरल इंजिनिअर